परगावची हॉकी: लीफ्सच्या मागे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लीफ्सचा, म्हणजे टोरोंटो मेपल लीफ्स या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचा, सामना प्रत्यक्ष बघायचा असेल, तर पहिला सामना टोरोंटोत बघू नका. हे ऐकून नवीन आलेली मंडळी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात. पण त्यांच्या घरच्या स्कोशियाबँक अरेनातलं तिकीट एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगमधल्या सगळ्यांत महाग तिकिटांत मोडतं. चौघांच्या कुटुंबाने शनिवारी रात्री तिथे जायचं म्हणजे महिन्याच्या किराण्याला हात लावायचा. टोरोंटोशेजारच्या मिसिसागात आमच्या इमारतीतल्या एका काकांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगून ठेवलं होतं, "अरे, घरचा सामना टीव्हीवर बघ आणि बाहेरचा जाऊन बघ." तेव्हापासून मी परगावच्याच सामन्यांना जातो. सीमेपलीकडे अमेरिकेतल्या बफेलोला सर्वांत जास्त वेळा, ओटावाला आणि मॉन्ट्रियलला अधूनमधून.

माझ्यासारख्याच्या डोक्यात हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले आणि हिरवं टर्फ. बर्फावरची हॉकी मी इथे आल्यावर शिकलो. त्यामुळे ज्यांना ऑफसाइडसुद्धा कळत नाही त्यांनीही हे वाचायला हरकत नाही.

आधी पासपोर्ट टेबलावर ठेवा

तिकीट, गाडी, जर्सी हे सगळं नंतर. कुठे जायचं हे तुमचा पासपोर्ट ठरवतो.

भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेत शिरायला व्हिसा लागतो, मग तुम्ही कॅनडाचे पीआर (कायमचे रहिवासी) असा, वर्क परमिटवर असा की विद्यार्थी असा. "पीआर कार्ड आहे ना, मग चालेल" हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दर हंगामात कोणी ना कोणी हातात सामन्याचं तिकीट घेऊन पुलावरून परत येतं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून यंदाच्या हंगामात जायचं मनात असेल तर अर्ज आजच करा. व्हिसा असेल तर जमिनीवरच्या सीमेवर आय-९४ नावाची नोंद करावी लागते आणि तिची फी असते. ती आधीच ऑनलाइन भरून ठेवली की आतल्या खोलीतला वेळ वाचतो.

कॅनडाचा पासपोर्ट असेल तर हा सगळा भाग सोडून पुढे चला. आणि पीआर असलेल्यांनी नेक्सस कार्डाचा, म्हणजे सीमा लवकर ओलांडायच्या कार्डाचा, विचार जरूर करावा. ते फक्त नागरिकांसाठी असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पीआरनाही अर्ज करता येतो.

व्हिसा नसेल तर मन खट्टू करू नका. ओटावा आणि मॉन्ट्रियल देशातच आहेत, आणि लीफ्सचे सर्वांत जुने हाडवैरी तिथेच राहतात. एका अर्थी तुमचंच नशीब चांगलं.

मुलांना घेऊन आई-बाबांपैकी एकटंच कोणी सीमा ओलांडणार असेल, तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र जवळ ठेवा. अधिकारी दर वेळी मागतात असं नाही, पण मागितलं तेव्हा ते नसेल तर मागे रांग लागलेली असते आणि गाडीत रडारड चालू होते.

वेळापत्रक वाचायचं कसं

हंगाम ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, त्या जूनपर्यंत. २०२५-२६पर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळायचा, ४१ घरी आणि ४१ बाहेर. २०२६-२७ पासून ते ८४. वेळापत्रक साधारण जुलैत येतं. ते आलं की मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर निळ्या पेनाने खुणा करतो. बायको म्हणते, चतुर्थीच्या खुणा कमी आणि लीफ्सच्या जास्त झाल्यात.

लीफ्स अटलांटिक विभागात आहेत. बफेलो, ओटावा, मॉन्ट्रियल, डेट्रॉइट, बॉस्टन, टॅम्पा बे आणि फ्लोरिडा हे त्यांचे शेजारी. या गावांत ते हंगामात एकापेक्षा जास्त वेळा जाऊ शकतात. बाकी लीगमधल्या प्रत्येक गावात निदान एकदा जातातच, म्हणून कॅलगरी किंवा व्हँकुव्हरच्या मराठी मंडळींनाही वर्षातून एक संधी मिळते. आणि तिथेही अर्धं स्टेडियम लीफ्सच्या रंगात निळं झालेलं दिसेल, काळजी नको.

पहिल्या खेपेसाठी शनिवारचा सामना टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. मंगळवार-बुधवारचं तिकीट बरंच स्वस्त असतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला डोळे चोळत जावं लागतं, एवढंच. आणखी एक: जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा ऑक्टोबर किंवा मार्च निवडा. कारण पुढे बफेलोच्या बर्फाबद्दल लिहिलंय, तिथे कळेल.

तिकीट

बफेलोत एरवी तिकीट सहज मिळतं. लीफ्स आले की त्याच खुर्चीचा भाव चढतो, कारण नायगाराच्या अलीकडचे हजारो लोक तिकडे धावतात हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी टोरोंटोच्या मानाने ते परवडतं. भाव अमेरिकी डॉलरमध्ये असतो हे विसरू नका, आणि बहुतेक कॅनडियन क्रेडिट कार्डं परकीय चलनावर साधारण अडीच टक्के वरून घेतात.

तिकीट फोनवरच असतं. त्याचा बारकोड हलता असतो, त्यामुळे स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. सीमेपलीकडे रोमिंग दगा देतं, तेव्हा घरातून निघण्यापूर्वीच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. चौघांची तिकिटं एकाच्याच फोनवर असतील तर आत जाताना चौघांनी एकत्र असायला हवं, म्हणजे पार्किंग शोधणारा बाहेर आणि बाकीचे आत असं जमत नाही. मी हे केलंय. पहिला गोल मी पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर रेडिओवर ऐकला.

अमेरिकेतले काही संघ, विशेषतः प्लेऑफमध्ये, आपल्या राज्यातल्या पत्त्याच्या कार्डांनाच तिकिटं विकतात, पाहुण्यांची गर्दी होऊ नये म्हणून. टॅम्पा बे आणि नॅशव्हिल यासाठी प्रसिद्ध आहेत. अशा वेळी पुनर्विक्रीच्या अधिकृत जागेवर जावं लागतं. बाहेर फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाकडून काहीही घेऊ नका.

खुर्ची कुठली घ्यावी? नवख्याने काचेजवळची जागा घेऊ नये. तिथे धडक ऐकू येते, खेळाडूचा घाम दिसतो, पण खेळ कळत नाही. पक (खेळातली रबरी चकती) इतका वेगात असतो की काचेआडून तो गायबच होतो. वरच्या मजल्यावर, मधल्या भागाच्या थोडं बाजूला बसा. तिथून पाच जण कसे पसरतात, कसे आवळतात, ते नकाशासारखं दिसतं. बफेलोचा वरचा मजला उभ्या जिन्यासारखा आहे. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना नेत असाल तर खालची रांग बघा.

एक बारीक गोष्ट, जी कळायला मला तीन वर्षं लागली. सामन्याच्या तीन भागांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंच्या बाकाजवळचा गोल राखतो. दोन्ही संघांची बाकं एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात. म्हणजे लीफ्सना दोन पिरियड हल्ला करताना जवळून बघायचं असेल, तर यजमानांचं बाक ज्या टोकाकडे आहे त्या टोकाला बसायचं. अरेनाच्या आसनांच्या नकाशावर बाकं दाखवलेली असतात, तिकीट घेताना बघून घ्या.

बफेलो: पहिली वारी

टोरोंटोहून बफेलो साधारण १६० किलोमीटर. क्यूईडब्ल्यू महामार्गाने सरळ फोर्ट एरीपर्यंत जायचं आणि सीमेवरचा पीस ब्रिज ओलांडायचा. रस्ता मोकळा असेल तर पावणेदोन तास, पण मोकळा कधी असतो? सामना सातला असेल तर मी दुपारी एकच्या आत निघतो. सीमेवर पंधरा मिनिटं लागतील की दीड तास, हे कोणी सांगू शकत नाही. पीस ब्रिज तुंबला असेल तर नायगाराजवळ रेनबो ब्रिज आहे, आणि त्याच्या उत्तरेला क्वीन्स्टन-लुइस्टनचा पूल. निघण्यापूर्वी फोनवर तिन्हींची रांग बघा.

डब्यात काय न्यावं हा आपल्या लोकांचा खरा प्रश्न. अरेनात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, म्हणून गाडीतच पोट भरायचं. धपाटे, लसणाची चटणी, दशम्या चालतात. फळं, भाज्या आणि मांस मात्र घरी ठेवा. अमेरिकेच्या सीमेवर त्यावर कडक नियम आहेत. आणि खायचं जे काही आहे ते विचारलं की सांगून टाका. एकदा माझ्या मुलाच्या दप्तराच्या तळाशी एक विसरलेलं सफरचंद होतं. मी "काही नाही" म्हणालो आणि तपासणीत ते निघालं. त्या एका सफरचंदाने आमचा पाऊण तास खाल्ला.

अधिकारी विचारतो, कुठे चाललात, किती वेळासाठी. "हॉकी बघायला, रात्रीच परत" एवढं उत्तर पुरतं. विनोद करू नका, तो करत असला तरी.

गाडी नको असेल तर टोरोंटोहून न्यू यॉर्कला रोज एक रेल्वे जाते, तिचं नावच 'मेपल लीफ'. ती बफेलोच्या एक्स्चेंज स्ट्रीट स्थानकावर थांबते आणि तिथून अरेना चालत जाण्यासारखा आहे. सीमेवर ती बराच वेळ उभी राहते, आणि रात्री परत यायला गाडी नसते, म्हणून मुक्काम धरून चला. पण त्या निळ्या जर्सीवाल्यांनी भरलेल्या डब्यातून जाण्यात मजा आहे, हे खरं.

बफेलोचं कीबँक सेंटर शहराच्या दक्षिण टोकाला, पाण्याजवळ आहे. १९९६ साली बांधलं, जवळपास एकोणीस हजार माणसं मावतात. अरेनाला लागून पार्किंग महाग. त्यापेक्षा मेन स्ट्रीटवर जरा वर गाडी लावा आणि मेट्रो रेलने खाली या. शहराच्या मध्यभागी ती जमिनीवरून धावते आणि त्या पट्ट्यात तिकीट लागत नाही. खाण्यात चिकन विंग्जचा जन्म इथला, अँकर बारमध्ये, १९६४ सालचा. शाकाहारी मंडळींनी पुन्हा धपाट्यांकडे वळावं.

आता बर्फ. ईरी सरोवरावरून येणारा वारा बफेलोवर एका रात्रीत माणसाच्या छातीएवढा बर्फ टाकू शकतो. २०२२च्या नाताळातल्या वादळात तिथे चाळीसहून जास्त माणसं गेली, आणि त्या आठवड्यातला सेबर्सचा, म्हणजे बफेलोच्या संघाचा, सामनाही पुढे ढकलावा लागला. टोरोंटोत ऊन असतं आणि दीडशे किलोमीटरवर रस्ता बंद असतो. हिवाळी टायर हवेतच. गाडीत ब्लँकेट, फावडं, पाणी आणि भरलेली टाकी ठेवा. वादळाचा इशारा असेल तर तिकिटाचे पैसे बुडाले असं समजून घरी बसा. मी एकदा बुडवलेत, वाईट वाटलं नाही.

ओहिप, म्हणजे ओंटारिओचा सरकारी आरोग्य विमा, कॅनडाबाहेर फारच थोडा खर्च देतो. एका दिवसासाठी का होईना, प्रवासाचा विमा घ्या. तो पिझ्झापेक्षा स्वस्त असतो.

आत गेल्यावर

सामन्याच्या साधारण अर्धा तास आधी दोन्ही संघ सरावाला बर्फावर येतात. परगावी जाण्यातला सर्वांत मोठा नफा हा आहे. टोरोंटोत ज्या खेळाडूंना तुम्ही दुर्बिणीतून बघाल, ते इथे काचेपलीकडे हातभर अंतरावर असतात. बहुतेक ठिकाणी सरावाच्या वेळी तुमचं तिकीट वरचं असलं तरी मुलांना खाली काचेपाशी जाऊ देतात. रखवालदाराला नम्रपणे विचारायचं. हातात पाटी असली तर एखादा खेळाडू पक वर फेकतोसुद्धा. आमच्या घरी असा एक पक देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. आईने आधी हरकत घेतली, आता तीच पुसते.

जर्सीबद्दल. २००३ पासून यजमान गडद रंग घालतात आणि पाहुणे पांढरा. म्हणजे लीफ्स तुम्हाला पांढऱ्यात दिसतील. टीव्हीवर निळे बघायची सवय असली की पहिली पाच मिनिटं आपण चुकून दुसऱ्याच संघाला टाळ्या वाजवतो. स्वतः मात्र निळी जर्सी घाला, नाहीतर यजमानांच्या गर्दीत आपलं माणूस ओळखू येत नाही.

बफेलोत समोर कुठलाही संघ असो, दोन्ही देशांची राष्ट्रगीतं होतात. त्यांच्या या रीतीचं मला कौतुक वाटतं. टोपी काढा, उभे राहा. २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेने लावलेल्या टॅरिफच्या (आयात कराच्या) रागापायी कॅनडातल्या काही रिंकांवर अमेरिकेच्या राष्ट्रगीताला हुर्यो झाली होती. राग समजतो, पण दुसऱ्याच्या घरात जाऊन तसं करणं मला पटत नाही.

खेळ चालू असताना जिन्यावरून ये-जा करायची नाही. शिट्टी वाजेपर्यंत रखवालदार वरच थांबवून ठेवतो. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर जसं असतं तसंच. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, मध्ये दोनदा विश्रांती, एकूण अडीच तास. बरोबरी झाली तर (प्लेऑफ सोडून) पाच मिनिटं तीन विरुद्ध तीन असा जादा खेळ, आणि तरी सुटलं नाही तर शूटआउट, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकाला भिडायचं. तो तीन-तीनचा खेळ म्हणजे हुतुतूतल्या शेवटच्या चढाईसारखा. डोळे मिटू नका. पकच्या मागे नजर दौडवण्यापेक्षा पक नसलेल्या खेळाडूकडे बघा, तो कुठे निघालाय यावरून पुढचा पास कळतो. गोलामागच्या प्रेक्षकांपुढे जाळी असते, बाजूंना नसते. फोनमध्ये मान घालून बसाल तर पक तुमच्याकडे आलेला कळणारही नाही.

एका खेळाडूने तीन गोल केले की लोक टोप्या बर्फावर फेकतात. फेकायची तर फेका, पण बाहेर उणे पंधरा आहे हे आठवून फेका.

टोमणे बसतीलच. लीफ्सनी स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, शेवटचा १९६७ साली जिंकला, आणि हे तुम्हाला रात्रभर ऐकवलं जाईल. उत्तर देण्याचा मोह होतो, कारण सेबर्स १९७० साली जन्मले आणि २०२५पर्यंत त्यांच्या नावावर एकही कप नव्हता. पण हे वाक्य गिळा. शेजारी बसलेल्या आजोबांनी पंचावन्न वर्षं वाट बघितलेली असते. त्यांच्याशी पहिल्या विश्रांतीत दोन शब्द बोला; मला बफेलोतली सर्वांत चांगली माहिती, स्वस्त पार्किंगपासून चांगल्या कॉफीपर्यंत, विरोधी जर्सीतल्या माणसांनीच दिली आहे. जिंकलात तर जिन्यावर गाणी म्हणू नका, गाडीत म्हणा. शेजारची मंडळी प्यालेली असतील आणि अंगावर येऊ लागली तर वाद न घालता रखवालदाराला सांगा. बहुतेक अरेनांत त्यासाठी एसएमएसचा नंबर पडद्यावर दाखवतात.

ओटावा आणि मॉन्ट्रियल

ओटावाचं कॅनडियन टायर सेंटर हे अरेना शहराच्या मध्यभागी नाहीच, पश्चिमेच्या कनाटा उपनगरात आहे, संसदेपासून पंचवीसेक किलोमीटर. हॉटेल मध्यभागी घेतलंत तर फसलात. कनाटातच राहा, नाहीतर सामन्याच्या दिवशी धावणाऱ्या खास बस पकडा. सामना संपल्यावर ४१७ महामार्गावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. वैर जुनं आहे: २००० ते २००४ या काळात लीफ्सनी ओटावाला प्लेऑफमध्ये चार वेळा हरवलं, आणि २०२५मध्ये पुन्हा, सहा सामन्यांत. त्यामुळे तिथले लोक जरा हळवे असतात. त्यात अरेना निम्मा निळा झालेला बघून त्यांचं डोकं आणखी फिरतं.

मॉन्ट्रियलला रेल्वेनेच जा. टोरोंटोहून पाचेक तास, आणि गार सेंत्राल या मुख्य स्थानकावर उतरलं की बेल सेंटर हे अरेना चालत काही मिनिटांवर. लीगमधला हा सर्वांत मोठा अरेना, २१ हजारांवर माणसं. तिकीट स्वस्त नाही, लीफ्ससाठी तर नाहीच. घोषणा आधी फ्रेंचमध्ये होतात, मग इंग्रजीत. वर छताला मॉन्ट्रियलने जिंकलेल्या २४ कपांचे झेंडे टांगलेले असतात आणि आपल्याला लीफ्सचे १३ आठवतात. आवाज असा असतो की शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायला मला खुणा कराव्या लागल्या. परवडत असेल तर आयुष्यात एकदा तरी हा सामना बघा, पण बफेलो आणि ओटावा झाल्यावर. आधी हा बघितलात तर बाकीचे फिके वाटतील.

वयाचं एक लक्षात ठेवा: बियरसाठी क्वेबेकमध्ये १८ पुरी लागतात, ओंटारिओत १९ आणि अमेरिकेत २१. कॉलेजातली पोरं बफेलोत यावरून फजित होतात.

परत येताना

अमेरिकेतून परतताना पुलावर पुन्हा रांग असते, सगळे निळे एकदमच निघतात. मी अर्धा तास कुठेतरी कॉफी पीत बसतो. गाडी चालवणाऱ्याने बियर घेतलेली नसावी, हे सांगायला नको.

सीमेवर काय विकत घेतलं ते खरं सांगा. चोवीस तासांच्या आत परत येत असाल तर करमाफी शून्य असते. बफेलोत घेतलेल्या जर्सीवरही कर लागू शकतो. चोवीस तास उलटले की २०० डॉलरपर्यंत, अठ्ठेचाळीस उलटले की ८०० डॉलरपर्यंत सूट. पीआर कार्ड किंवा परमिटचा मूळ कागद हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. रात्री बाराला उणे तापमानात डिकी उपसणारे लोक मी पाहिलेत.

मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात, रेडिओवर सामन्याची चिरफाड चालू असते. सेंट कॅथरिन्सच्या पुढे एक टिम हॉर्टन्स, म्हणजे कॉफीचं दुकान, रात्रभर उघडं असतं. तिथे थांबलात तर आत अर्धी गर्दी निळी दिसेल आणि स्कोअर कोणालाच विचारावा लागणार नाही, चेहऱ्यांवरूनच कळतो.